ध्वनीचा पाठ कानांपासून सुरू व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन आला की शाळाशाळांतून प्रदर्शने भरतात, खायच्या सोड्याचे ज्वालामुखी फसफसतात आणि सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या तसबिरीला हार घातला जातो. रामन परिणाम १९२८ साली त्या दिवशी जाहीर झाला, हे मुलांना पाठ असते. परंतु याच रामन यांनी त्याआधी आपल्या चर्मवाद्यांच्या नादाचा अभ्यास केला होता, साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे इतर स्वर) परस्परांशी जुळत नसताना मृदंग आणि तबल्यावरील शाईच्या, म्हणजे काळ्या लेपाच्या, भारामुळे ते सुरेल कसे होतात, हे १९२० साली मांडले होते, ही गोष्ट त्यांच्या कानावर क्वचितच जाते. ती सांगितली गेली, तर विज्ञानाची एक वाट कानातून जाते, एवढे तरी मुलांना उमगेल.

आपल्याकडे ‘ध्वनी’ हा स्वतंत्र पाठ विद्यार्थ्याला सहावीच्या सामान्य विज्ञानात भेटतो. वस्तूच्या कंपनाने ध्वनी निर्माण होतो, हे वाक्य तिथे त्याला मिळते आणि परीक्षेपुरते पाठही होते. पाठाबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्या वाक्यापर्यंत पोहोचण्याआधी पहिली ते चौथीच्या वर्षांत मुलाने आपल्या परिसरातले आवाज ओळखणे, त्यांची दिशा सांगणे, तुलना करणे आणि त्यांच्याबद्दल प्रश्न विचारणे, एवढे व्हायला हवे, आणि ते होत नाही, असे प्राथमिक वर्गांना शिकवताना मला सतत जाणवते.

यासाठी साहित्य काहीच लागत नाही. मुलांना व्हरांड्यात किंवा झाडाखाली अंतर ठेवून बसवावे, कोऱ्या कागदाच्या मध्यभागी फुली मारून ‘ही मी’ किंवा ‘हा मी’ असे लिहायला सांगावे, पाच मिनिटे डोळे मिटून ऐकू द्यावे आणि मग जो आवाज ज्या बाजूने व जितक्या लांबून आला, तिथे त्याची खूण करायला लावावी. पहिल्या खेपेला बहुतेक मुले ‘पक्ष्यांची किलबिल’ आणि ‘पानांची सळसळ’ लिहितात, मग आसपास पक्षी असो वा नसो. कारण ते आवाज त्यांनी पुस्तकात वाचलेले असतात. खरे ऐकणे दोन-तीन खेपांनंतर सुरू होते. मग कागदावर खिचडीच्या पातेल्यावरचे झाकण येते, चढावर गिअर बदलणारी एसटी येते, गिरणीचा पट्टा येतो. आमच्या शाळेतल्या एका मुलीने तर ध्वजस्तंभाच्या लोखंडी नळीवर वाऱ्याने आपटणाऱ्या दोरीचा आवाज टिपला, उठून खांबाला हात लावला आणि ‘बाई, खांब आतून थरथरतोय’ असे सांगितले. कंपन हा शब्द तिने तोवर ऐकलेला नव्हता.

ग्रामीण भागात अशा संधी पावलोपावली आहेत. कोयनेच्या पलीकडच्या काठावर कोणी धुणे धूत असेल, तर धोपटणे कपड्यावर पडताना दिसते आणि ‘धप्प’ ऐकू येते तेव्हा ते पुन्हा हवेत गेलेले असते. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे पावणेदोनशे मीटरवरच्या आवाजाला आपल्यापर्यंत पोहोचायला अर्धा सेकंद लागतो, हा हिशेब चौथीच्या मुलांनाही जमतो. आणि वीज चमकल्यावर गडगडाट उशिरा का येतो, हे त्यांचे त्यांना कळते. नळाखालची कळशी भरत आली की तिचा आवाज चढत जातो. घरी पाणी भरणारी मुले तिच्याकडे न पाहता नेमकी वेळेवर नळ बंद करतात, पण का, हे त्यांना कोणी विचारलेले नसते. आतली हवेची पोकळी लहान होत जाते म्हणून स्वर उंचावतो, हे त्यांना वेगवेगळ्या उंचीपर्यंत पाणी भरलेल्या बाटल्यांच्या तोंडावर फुंकून पडताळता येते. जत्रेत हलगी वाजवण्याआधी शेकोटीवर धरतात ती कशासाठी, हा प्रश्न एकदा हलगीवाल्यालाच विचारू द्यावा. कातडे तापून ताणले जाते आणि आवाज खणखणीत निघतो, हे त्याच्याइतके नेमके आम्हा शिक्षकांना सांगता येणार नाही.

ध्वनीची उच्चनीचता आणि तीव्रता यांतला फरक मोठ्या वर्गांतही मुलांना अवघड जातो, तो असे ऐकणे झालेले नसल्यामुळेच. डासाची गुणगुण हळू पण उंच पट्टीतली आणि म्हशीचे रेकणे मोठे पण खालच्या पट्टीतले, हे ज्याने लहानपणी लक्ष देऊन ऐकले, त्याला व्याख्या नुसती घोकावी लागणार नाही.

या उपक्रमाचा आणखी एक उपयोग मला व्याख्यांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. डोळे बांधून टाळीची दिशा ओळखण्याच्या खेळात एखादे मूल सतत एकाच बाजूला चुकत असेल, तर त्याच्या कानाकडे लक्ष द्यायला हवे. कान फुटलेला असतो, मळ साचलेला असतो, क्वचित त्याहून गंभीर काही असते. आणि वर्गात मात्र त्या मुलावर ‘लक्ष नसते’ असा शिक्का बसलेला असतो. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत तपासणीचे पथक येते. अशा मुलांची नावे शिक्षकाने त्या वेळी आवर्जून पुढे करावीत.

अडचणी आहेत. उपक्रम झाला की छायाचित्र पाठवा, असा आदेश हल्ली ठरलेला असतो, आणि डोळे मिटून गप्प बसलेल्या मुलांचे छायाचित्र पाहून वर्गात काही चाललेच नव्हते, असा समज होऊ शकतो. रस्त्यालगतच्या शाळांची गोष्ट वेगळी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळा-रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे, पण हमरस्त्यावरच्या वर्गात शिक्षकालाच ओरडून शिकवावे लागते. तरीही तिथल्या मुलांकडून हा आवाजांचा नकाशा जरूर काढून घ्यावा. त्यावर हॉर्नच्याच खुणा आल्या, तर तो कागद शाळा व्यवस्थापन समितीच्या आणि ग्रामपंचायतीच्या बैठकीत ठेवता येईल.

शिक्षण विभागाला विनंती अशी की, तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासाची आठवड्यातली एक तासिका वर्गाबाहेर ऐकण्यासाठी वापरण्याची स्पष्ट मुभा द्यावी. जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत एकाच जागी बसून काढलेले नकाशे मुलाच्या वहीत राहू द्यावेत, म्हणजे बेडकांचे डरावणे कधी थांबले आणि तांबट पक्ष्याची टुकटुक कधी सुरू झाली, हे त्याला स्वतःच्या नोंदींतून सांगता येईल. दरमहा भरणाऱ्या केंद्रस्तरीय (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत एकदा शिक्षकांनाही असे पाच मिनिटे बाहेर बसवावे, आणि तेवढ्यापुरते सर्वांचे मोबाइल केंद्रप्रमुखांनी स्वतःकडे ठेवून घ्यावेत.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. पाटण, जि. सातारा