नाचायला क्लब कशाला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुंबईत रात्री नाचायला कुठे जावं, यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. बारा वाजेपर्यंत एखाद्या बारमध्ये बसावं आणि तिथून ‘खऱ्या’ नाचासाठी नाइटक्लब गाठावा, असं लेखकाचं म्हणणं. मी ठाण्यात नाचाचे वर्ग घेते, साल्सा आणि बॉलिवूड दोन्ही. माझ्याकडे बँकेतल्या बायका येतात, शाळेतल्या शिक्षिका येतात, एक निवृत्त तहसीलदार आहेत आणि नुकतीच नोकरीला लागलेली बरीच पोरंपोरी आहेत. वर्गात शिकलेलं बाहेर कुठेतरी जाऊन नाचावं असं सगळ्यांनाच वाटतं. मग ‘मॅडम, कुठे जायचं?’ हा प्रश्न माझ्याकडे येतो. माझं उत्तर त्या लेखाच्या बरोबर उलट आहे, नाचायला क्लबपेक्षा बार बरा; म्हणून हे पत्र.

त्या लेखातला सल्ला बर्लिनला शोभतो. तिथे काही क्लब शनिवारी रात्री उघडतात ते सोमवार उजाडेपर्यंत चालतात. आपल्याकडे बार असो, पब असो की दारात मखमली दोरी बांधलेला क्लब, रात्री दीडला बहुतेकांचं शटर खाली. जानेवारी २०२० मध्ये ‘मुंबई २४ तास’ची घोषणा झाली तेव्हा माझ्या वर्गात पेढे वाटायचेच बाकी होते. पण ती सवलत अनिवासी भागातले मॉल, दुकानं आणि खाण्याच्या जागांसाठी होती. दारूची दीडची वेळ जिथल्या तिथे राहिली. नाताळ आणि ३१ डिसेंबरला पहाटे पाचपर्यंत सूट मिळते, तेवढंच काय ते.

आता हिशेब मांडा. क्लब नऊला उघडतो, पण अकराच्या आत तिथे चिटपाखरू नसतं, कारण लवकर जाणं कमीपणाचं समजतात. डीजेही तोवर नुसता वेळ काढत असतो. पावणेबाराला गर्दी होते, साडेबाराला रंग चढतो आणि सव्वाला ‘लास्ट ऑर्डर’ची हाक येऊन दिवे लागतात. म्हणजे जोडीमागे दोन-तीन हजारांचा कव्हर चार्ज, म्हणजे आत शिरण्याचे पैसे, भरून पदरात पडतो जेमतेम तासा-सव्वातासाचा नाच. कव्हरचे पैसे दारूच्या बिलातून वळते होतात म्हणे. माझ्या साल्सावाल्या पाण्याच्या बाटल्या रिचवतात, त्यांनी काय वळतं करून घ्यायचं?

आणि जागा? टेबलावर बाटली घेणाऱ्यांकडून मिळणारा पैसा फ्लोअरवर नाचणाऱ्यांकडून मिळत नाही, त्यामुळे टेबलं पुढे सरकतात आणि फ्लोअर आकसत जातो. उरलेल्या जागेत हात वर करून जागच्या जागी उड्या मारता येतात. गिरकी घ्यायला जावं तर कोपर कुणाच्या तरी ग्लासाला लागतं आणि पुढचा अर्धा तास माफी मागण्यात जातो.

दारावरचा न्याय तर विचारूच नका. एकट्या मुलांना ‘स्टॅग’ म्हणून परत पाठवायचं, मुलींना फुकट सोडायचं. परत गेलेल्या मुलांमध्ये माझे दोन उत्तम नाचणारे विद्यार्थी होते आणि त्यांच्या वाट्याच्या जोडीदारणी आत भिंतीला टेकून उभ्या. अशाच एका ठिकाणी बाउन्सरने माझ्याकडे आणि सोबतच्या मैत्रिणींकडे आपादमस्तक पाहून ‘आंटी, फॅमिली रेस्टॉरंट बाजूच्या गेटने’ असं अदबीने सांगितलं. अदब होती, हे कबूल केलं पाहिजे.

मी विद्यार्थ्यांना नेते तो बार लोअर परळला गिरण्यांच्या जुन्या आवाराजवळ, तळमजल्यावर आहे. नाव लिहीत नाही, उगाच गर्दी वाढेल. आठवड्याच्या मधल्या वारी नऊच्या सुमाराला तिथली पोरं मधली टेबलं उचलतात, खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात रचतात आणि फरशी पुसतात. ओल्या फडक्याने एकदा पुसून झाली की कोरड्या फडक्याने पुन्हा पुसा, असं मी दर वेळी मागे लागून करून घेते. सांडलेल्या बिअरने फरशी चिकट झाली की पाऊल जमिनीला धरून राहतं आणि वरचं अंग फिरतं. गुडघा जातो तो असाच. आम्ही सुएडच्या, म्हणजे मऊ लवदार चामड्याच्या, तळव्याचे नाचाचे बूट पिशवीतून नेतो आणि तिथेच बदलतो. बाजूच्या टेबलावरचे लोक मसाला पापड खात बघत राहतात. सव्वानऊला पहिलं गाणं लागतं ते साडेअकरापर्यंत सलग. सव्वादोन तास, कव्हर नाही, आणि डीजेला ‘जरा संथ लाव’ म्हटलं तर तो लावतो.

साडेअकरा का, तर आमची लोकल. मध्य रेल्वेची ठाण्याच्या पुढे जाणारी शेवटची गाडी सीएसएमटीहून साडेबाराच्या आतच सुटते, त्यानंतर थेट पहाटे चारनंतर. दीडला क्लबमधून बाहेर पडलेल्या बदलापूरच्या मुलीने तोवर काय करायचं? टॅक्सीचं भाडं आणि जिवाला घोर, दोन्ही तिच्याच माथी. आम्ही घाम पुसत करी रोड स्टेशनवर येतो आणि बायकांच्या डब्यात पाय पसरून बसतो.

बारवाल्यांची मी वकिली करते आहे असं मात्र नाही. बारमध्ये आवाज फाटतो, खांब नको तिथे असतो, एसी असून नसल्यासारखा. इलेक्ट्रॉनिक संगीताचं वेड असणाऱ्याने क्लबातच जावं, तो खालचा ठोका छातीत उतरायला तशीच यंत्रणा लागते. कित्येक बारांच्या परवान्यात नाच बसतच नाही, ते आधी मॅनेजरला विचारून घ्यावं. तरुण मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की महाराष्ट्रात बिअरला २१ आणि व्हिस्की-रमला २५ वर्षांची अट आहे. मे २०२४ मधल्या पुण्याच्या पोर्शे अपघातानंतर तरी हे सांगावं लागू नये.

आणि एकदा आमच्याच बारमध्ये ती उचललेली टेबलं मागच्या दाराला टेकवून रचलेली दिसली. ‘तिकडून कोण जातंय, मॅडम?’ असं मॅनेजर म्हणाला. टेबलं हलवल्याशिवाय मी एकालाही नाचू दिलं नाही. त्या बारपासून चालत जाण्याच्या अंतरावर, कमला मिल्समध्ये, २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जण गेले. बाहेरची वाट न मिळाल्याने कित्येक जण स्वच्छतागृहात शिरले आणि धुराने गुदमरले. गोव्यात हडफड्याच्या क्लबातल्या आगीला तर फार दिवसही झालेले नाहीत. डिसेंबर २०२५ मधली ती आग; २५ बळी, त्यांतले बहुतेक तिथेच राबणारे. तळमजल्यावरून रस्ता दोन पावलांवर असतो. एकच लिफ्ट आणि अरुंद जिना असलेल्या वरच्या मजल्यावरच्या क्लबात मी विद्यार्थ्यांना नेत नाही, मग डीजे साता समुद्रापलीकडून आलेला का असेना.

राहता राहिल्या ‘बारमध्ये नाच’ म्हटल्यावर घरच्यांच्या कपाळाला पडणाऱ्या आठ्या. २००५ च्या डान्सबार बंदीची आठवण अजून पुसलेली नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाने स्वतःच्या हौसेने नाचणंही त्याच खात्यात जमा होतं. एका विद्यार्थिनीच्या सासूबाईंना मी सरळ सोबतच घेऊन गेले. दोन तास फ्रेश लाइम सोडा पीत त्यांनी सगळं पाहिलं. परतताना एवढंच म्हणाल्या, की पनीर कच्चं होतं.

आपल्या पुरवणीला एक विनंती आहे. अशा जागांचे परीक्षण छापताना सजावट आणि कॉकटेलची चव यांच्या जोडीला चार साध्या गोष्टी छापा: टेबलं सोडून नाचायला जागा किती, गाणी नक्की किती वाजता सुरू होतात, बाहेर पडायचे दरवाजे किती आणि ते उघडे असतात का, आणि जवळच्या स्टेशनवरून शेवटची लोकल कधी. मोजमापाला माणूस हवा असेल तर बुधवारी माझा वर्ग नसतो. टेप मी घेऊन येईन.

आपली,
एक नृत्यशिक्षिका, नौपाडा, ठाणे