पृथ्वीचा हरवलेला पुरावा चंद्रावर शोधायला हवा

मा. संपादक,
स. न.

‘चंद्रावर ना हवा, ना जीव, मग तिथे २,१०४ कोटी रुपये कशाला?’ अशा आशयाची पत्रं चंद्रावरचे नमुने आणू पाहणाऱ्या भारताच्या चांद्रयान-४ मोहिमेच्या निमित्ताने आपल्या सदरात आली. लिहिणाऱ्यांची तळमळ कळते. इथले रस्ते आणि दवाखाने मीही रोज पाहते. पण चंद्रावर जीव नाही, म्हणून जीवसृष्टीच्या शोधाशी त्याचं काही देणंघेणं नाही, हे मला मान्य नाही. तिथे काहीच जगत नाही, काहीच वाहत नाही, यातच त्याचं मोल आहे.

आमच्या रत्नागिरीचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, बघा. वर जांभा, त्याच्या तळाशी काळा कातळ. हा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याच्यावर इतके पावसाळे कोसळले की सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं आणि तांबडा जांभा तयार झाला. चिरेखाणीत उतरलात तर मूळ खडक कसा होता हे नुसत्या डोळ्यांना ओळखताही येत नाही. पृथ्वीच्या हिशोबाने ६.६ कोटी वर्षं म्हणजे कालपरवाच! तिचं वय ४५४ कोटी, पण ४०० कोटी वर्षांहून जुना खडक मिळणं फार दुर्मीळ. ऑस्ट्रेलियातले झिर्कॉन या खनिजाचे बारीक कण तेवढे ४४० कोटी वर्षांपर्यंत मागे नेतात. जीवाच्या भरवशाच्या खुणा सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या. त्याआधी काय घडलं, जीव कधी आणि कशातून उभा राहिला, याचा पुरावा पाण्याने आणि भूपट्टांच्या उलथापालथीने पुसून टाकला आहे.

चंद्रावर तो पुसला गेला नसण्याची शक्यता आहे. त्या काळी पृथ्वीवर मोठमोठ्या उल्का आदळत होत्या. उडालेले काही तुकडे तेव्हा आजच्यापेक्षा बऱ्याच जवळ असलेल्या चंद्रावर जाऊन पडले असणार. अमेरिकेच्या अपोलो-१४ या चांद्रमोहिमेने १९७१ मध्ये आणलेल्या एका खडकात ग्रॅनाइटसारखा एक तुकडा आहे. तो सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरच घडला असावा, असं काही संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण वाद मिटवायचा तर आणखी नमुने हवेत, आणि अपोलोचे सगळे ३८२ किलो चंद्राच्या आपल्याला दिसणाऱ्या बाजूच्या सहाच जागांवरचे आहेत.

मंगळावर जीवाच्या खुणा कुठे शोधायच्या, हे ठरवतानाही चंद्राचाच आधार लागतो. अपोलोच्या खडकांची वयं मोजून उल्का आदळून पडलेल्या विवरांची संख्या आणि जमिनीचं वय यांचा मेळ बसवला गेला: जितकी विवरं जास्त, तितकी जमीन जुनी. मंगळावरची कोणती जमीन किती जुनी, हे मुख्यतः त्याच हिशोबाने काढतात.

आता मला खरी काळजी आहे ती चंद्राच्या ध्रुवांची. तिथल्या काही विवरांत शेकडो कोटी वर्षं ऊन पोचलेलं नाही. तापमान उणे २०० अंशांच्याही खाली. धूमकेतूंनी आणलेलं पाणी आणि कार्बनी द्रव्यं तिथे गोठून राहिली असतील, म्हणजे जीव घडण्याआधी पृथ्वीवर बाहेरून काय काय पडत होतं, याचा तपास तिथे लागू शकतो. चंद्रावरच्या पाण्याची खूण पटवण्यात २००८ च्या आपल्या चांद्रयान-१ चा मोठा वाटा होता. आता अनेक देश त्याच बर्फावर तळ उभारायच्या तयारीत आहेत. उतरणाऱ्या यानांच्या इंजिनातून निघणारी वाफ आणि वायू याच थंड विवरांत जाऊन गोठू शकतात. एकदा ते मिसळले की मूळचं काय आणि आपण नेलेलं काय, हे वेगळं करणं फार अवघड होईल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की बर्फ वापरायला घेण्याआधी त्याचे स्वच्छ नमुने घेतले जावेत, आणि काही विवरं कुणीही न उतरता राखून ठेवावीत. जपानबरोबरची चांद्रयान-५ मोहीम दक्षिण ध्रुवाजवळ पाणीच शोधणार आहे. त्यामुळे हा आग्रह आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर भारताने धरावा. आपल्या पत्राने खर्चाच्या आकड्यांबरोबर हा प्रश्नही लावून धरावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, पावस, जि. रत्नागिरी