टिश्यू प्रोसेसर बदलून देण्याच्या आश्वासनाबाबत मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मी १९ वर्षे हिस्टोपॅथॉलॉजिस्ट (शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करणारी डॉक्टर) म्हणून काम करते आहे. मागच्या पावसाळ्यात आपण आमच्या विभागात आलात, तेव्हा नमुन्यांचे तुकडे रात्रभर एकेका भांड्यातल्या द्रवातून पुढे नेऊन कापण्याजोगे करणारे यंत्र, म्हणजे जुने टिश्यू प्रोसेसर, तीन महिन्यांत बदलून देण्याचा शब्द दिला होता. सोमवारी रात्री तेच यंत्र अडकले. सकाळी पाहिले तर नमुन्यांची टोपली दोन भांड्यांच्या मध्ये अधांतरी लटकत होती आणि ४१ कॅसेटमधले (नमुने ठेवायच्या छोट्या डब्यांमधले) तुकडे सुकून कडक झाले होते.

त्यात गोवंडीच्या एका बाईंच्या स्तनातल्या गाठीचे सुतासारखे चार तुकडे होते. पॅराफिन मेणाचे ब्लॉक करून मायक्रोटोम या काप घ्यायच्या यंत्रावर तीन-चार मायक्रॉनचे काप घेऊ लागलो, तर पात्याखाली त्यांचा भुगा झाला. जेवढे काचेवर चढले, त्यात पेशींची केंद्रके ओळखू येईनात. तासभर डोळे ताणून शेवटी मला ‘नमुना निदानास अयोग्य’ असे लिहावे लागले. पुन्हा सुई घालावी लागेल हे खिडकीशी उभ्या असलेल्या त्यांच्या यजमानांना मीच सांगितले. ‘डॉक्टर, आमचं काय चुकलं?’ एवढेच त्यांनी विचारले.

अहवालावर पॅथॉलॉजीतल्या पदव्युत्तर डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आणि ते योग्यच आहे. पण आमच्याकडे तीन मंजूर पदांपैकी एकच भरलेले आहे, म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना वीस मिनिटांत द्यायच्या फ्रोझन सेक्शनपासून (नमुना गोठवून केलेल्या तातडीच्या तपासणीपासून) रोजच्या बायोप्सीपर्यंत प्रत्येक सही माझी असते. गेल्या वर्षी वडील आयसीयूत होते, त्या रात्रीही मी दोन वाजेपर्यंत स्लाइड वाचत होते. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच ठरवले, तरी आमच्या ग्रॉसिंगच्या (आलेले नमुने पाहून कापायच्या) टेबलावरचा एक्झॉस्ट दोन वर्षे बंद आहे आणि नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिनने, म्हणजे फॉर्मल्डिहाइडच्याच द्रावणाने, माझे डोळे रोज चुरचुरतात.

या राज्यात नव्या इमारतीला निधी मिळतो, उद्घाटनाला तारीख मिळते, पण यंत्राच्या वार्षिक देखभालीच्या कराराला सही मिळत नाही. प्रस्ताव पाच वेळा पाठवला. फाइल कोणाच्या टेबलावर आहे हे आजवर कोणी सांगितलेले नाही. चूक आढळली की नोटीस मात्र थेट माझ्या नावाने येते.

नवे यंत्र येईपर्यंत निदान जुन्याच्या देखभालीचा करार याच आठवड्यात करून द्यावा. त्या बाई गुरुवारी पुन्हा येणार आहेत. त्यांचे तुकडे आम्ही रात्रभर जागून, एकेका अल्कोहोलच्या भांड्यातून हाताने पुढे नेणार आहोत, कारण त्या यंत्रात ते पुन्हा घालण्याचा धीर मला होत नाही.

आपली विश्वासू,
एक पॅथॉलॉजिस्ट, मुंबई