उन्हाळ्यातील घरगुती पेयांबाबत सूचना

सर्व सदस्यांस कळविण्यात येते की, गोव्याच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नसला तरी त्यावाटे पाणी आणि क्षार दोन्ही शरीराबाहेर जात असल्याने, सकाळच्या फेरीला येताना प्रत्येकाने विकतच्या शीतपेयाऐवजी घरी केलेले पेय सोबत आणावे. कोकमाचे सरबत, पातळ ताक किंवा नाचणीची आंबील, काहीही चालेल. मात्र आगळात, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसात, मुळातच भरपूर मीठ असते, त्यामुळे उच्च रक्तदाब असलेल्यांनी ते बेतानेच घ्यावे. सोलकढी कितीही आवडती असली तरी घरीच जेवणासोबत प्यावी, कारण नारळाचा रस उन्हात लवकर नासतो. जुलाब झाल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोटघोट घ्यावे.