अण्णा, जीपचा पुढचा एक्सल बसला

आदरणीय अण्णांना सादर नमस्कार,

फोनवर तुम्ही जे पहिलं विचाराल, तेच पहिलं सांगते. एक्सलला पाट्यांशी (स्प्रिंगांशी) बांधणारे यू-बोल्ट परत आवळले. तीनशे किलोमीटर झाल्यावर, गाडी सपाटीवर उभी करून, समोरासमोरच्या नटांना आळीपाळीनं पान्हा लावून. आठांपैकी सात नट जागचे हलले नाहीत. डावीकडचा मागचा तेवढा पाव फेरा आला.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. गडहिंग्लजहून आजऱ्याला तीन रविवार एसटीनं आलात, तिकिटाचे पैसेही घेतले नाहीत. घनसाळ तांदळाची पिशवी आईनं हातात दिली म्हणून घेतलीत. "नाव कुठं लिहू नकोस" असंही बजावलंत, म्हणून या पत्रात तुमचं नाव नाही. पण आभार मला चारचौघांत मानायचे आहेत. आमच्या बाबांच्या एमएम ५४० सारख्या जुन्या जीपा अजून कितीतरी अंगणांत उभ्या आहेत, आणि तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

मार्चमध्ये पुढचं डावं चाक ताशीव चरात आदळलं तेव्हा नुसता आवाज झाला होता. आठवडाभरानं चाक आतून टायर खायला लागलं, आणि नळी जिथं मधल्या हौसिंगमध्ये शिरते तिथल्या वेल्डिंगला केसाएवढी चीर दिसली. तिथून ऑइल पाझरत होतं. एका गॅरेजमध्ये नेली तर सांगितलं, पुढं सरळ डमी एक्सल टाकू, इंजिनाचा जोर न घेणारा, फोर व्हील आता वापरतंय कोण. मी वापरते. आमची काजूची बाग चढावर आहे, आणि मृग लागला की तांबड्या मातीच्या त्या वाटेवर नुसत्या मागच्या दोन चाकांची गाडी चढत नाही. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले होते, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. फोर व्हील काढून टाकलेली ती जीप बाबांची राहिली नसती.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या स्पेअर पार्टच्या दुकानदारानं तुमचा नंबर दिला. सरकारी वर्कशॉपमध्ये उभी हयात जीपा खोलण्यात गेलेला माणूस, एवढंच तो म्हणाला. मी फोनवर विचारलं, करून द्याल का? तुम्ही म्हणालात, "करून न्हाई देणार. करून घेईन तुझ्याकडनं."

पहिल्या रविवारी तुम्ही फाटकातून आत आलात आणि पाणीसुद्धा न घेता गाडीखाली वाकून बघितलंत. मी चासीखाली जांभ्याचे चिरे रचले होते. घर चिऱ्यांचं उभं राहतं, तर गाडी का नाही राहणार, असा माझा हिशेब होता. तुम्ही आवाज चढवला नाहीत. जॅक लावून सगळे चिरे काढायला लावलेत आणि त्यातल्या एकावर हातोडीचा एक टोला दिलात. त्याचे दोन तुकडे झाले. भिंतीत चिऱ्यावर भार सगळीकडून सारखा येतो, चासीचा पट्टा मात्र दोन बोटांच्या जागेवर सगळं वजन टाकतो, हे तुम्ही तेव्हा समजावलंत. मग शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडून लोखंडी घोड्या आणल्या, त्या पुढच्या पाट्यांच्या मागच्या हँगरमागे चासीखाली लावल्या, आणि वर काढलेली दोन्ही चाकं गाडीखाली आडवी सारून ठेवली. घोडी सटकलीच तर गाडी चाकांवर बसेल, माणसावर नाही. हे वाचणाऱ्या कुणालाही घरी असं काम करायचं असेल तर बाकी सगळं पुढचं आहे, आधी हे.

एक्सल उतरवायला दिवस पुरला. एक्सलला जोर पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही फ्लँजवर छिन्नीची खूण, स्टिअरिंगची ड्रॅग लिंक सोडवलेली, ब्रेकच्या पाइपच्या तोंडाला बूच. यू-बोल्ट डिझेल पाजूनही सुटले नाहीत, ते हॅक्सॉनं कापले. ताणलेला यू-बोल्ट परत वापरायचाच नाही म्हणालात, त्यामुळं कापताना जीव हळहळला नाही. पाटा आणि एक्सलच्या मधे निघालेली पाचरीसारखी पट्टी मी फडक्यानं पुसून डब्यात टाकणार होते. तुम्ही थांबवलंत. तिची जाड बाजू पुढं होती की मागं, ते आधी लिहून घ्यायला लावलंत आणि जाड बाजूला सुतळी बांधायला सांगितलीत. त्या पाचरीनं एक्सल जरासा मागं कलतो, आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते त्या कलण्यामुळं. उलटी बसली असती तर गाडी रस्त्यावर भरकटली असती आणि मी महिनाभर टायरांना दोष देत राहिले असते.

पण अण्णा, तुमचे सगळ्यात मोठे आभार त्या बुधवारच्या फोनचे आहेत.

कोल्हापूरच्या भंगार बाजारातून मी एक्सल आणला होता. नळी सरळ, चीर नाही, गंज वरवरचा. बाहेरून आमच्या एक्सलचा जुळा भाऊ. आनंदानं तुम्हाला फोन केला, तर तुम्ही विचारलंत, "फेरे मोजलेस?" मला प्रश्नच कळला नाही. मग फोन स्पीकरवर ठेवून तुम्ही माझ्याकडून करून घेतलंत. आधी मागचं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, जमिनीवरच्या मागच्या चाकाला दगड. मागचं एक चाक उचललेलं, दुसरं जमिनीला टेकलेलं. प्रोपेलरवर खडूची रेघ. उचललेलं चाक बरोबर दोनदा फिरवायचं. दुसरं चाक स्थिर असताना एका चाकाचे दोन फेरे म्हणजे आतल्या क्राऊनचा, एक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाचा, एक. प्रोपेलर पाच फेरे पुरे करून वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त फिरला. मग आणलेल्या एक्सलवर तेच केलं, एक हब धरून दुसरा दोनदा फिरवला. पिनियनची, म्हणजे क्राऊनला फिरवणाऱ्या लहान दातेरी चाकाची, रेघ पाचव्या फेऱ्यात वर पोचायच्या आतच थांबली. मी परत मोजलं. तेच.

"मागं पाच अडतीस, पुढं चार अठ्ठ्याऐंशी. परत देऊन ये," तुम्ही म्हणालात.

म्हणजे क्राऊनच्या एका फेऱ्याला पिनियनचे मागं ५.३८ फेरे आणि पुढं ४.८८. मागच्या क्राऊनला ४३ दाते आणि पिनियनला ८, आणि मी आणलेल्यात ३९ ला ८. बाहेरून काही फरक नाही. टू व्हीलमध्ये चालवलं असतं तर कधी कळलंही नसतं. पण फोर व्हील टाकल्यावर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढं-मागं जोर वाटणारा गिअरांचा डबा, दोन्ही प्रोपेलर सारखेच फिरवतो, आणि पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जास्त पळायला बघतात. चिखलात चाकं घसरून तो ताण निघून जातो. जमीन जरा घट्ट लागली की तोच ताण शाफ्ट आणि गिअरांमध्ये साठत जातो, फोर व्हीलची लिव्हर अडकते, आणि शेवटी काहीतरी तुटतं. आमच्या वाटेवर मधेमधे कातळाचे टप्पे आहेत. चढावर, पोत्यांनी भरलेल्या गाडीत ते तुटलं असतं. तुम्ही गडहिंग्लजला घरी बसून, न बघितलेल्या एक्सलमधलं हे ओळखलंत, कारण तुम्हाला विचारायचं सुचलं. दुसऱ्या दिवशी मी एक्सल बदलून आणला. दुकानातच मधल्या हौसिंगचं झाकण काढून घेतलं, आणि ४३ दाते बोट लावून दोनदा मोजले. दुकानदार काही बोलला नाही, तोही शेजारी उभा राहून मोजत होता.

दुसरा रविवार किंगपिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंट्यांवर वळतं त्यांचा. चाक धरून वळणारं स्टिअरिंग नकल वर-खाली दोन बेअरिंगांवर फिरतं आणि त्याचा घट्टपणा कागदासारख्या पातळ चकत्यांनी, म्हणजे शिमांनी ठरतो, ही रचना १९४१ च्या विलीज जीपेपासून चालत आलेली आहे, हे तुम्ही सांगितलंत. मी हातानं हलवून बघितलं आणि म्हटलं, बरोबर वाटतंय. तुम्ही म्हणालात, "वाटतंय ते सोड. काटा हाय का घरात?" काजूबी तोलायचा ताणकाटा आणला. शाफ्ट आणि सील बसवायच्या आधी, त्याचा आकडा नकलच्या आर्मच्या भोकात अडकवला आणि हळू ओढला. काटा दोन किलोवर असतानाच नकल फिरलं. ढिलं होतं. वरून एक शिम काढली, तेवढ्याच जाडीची खालून एक, म्हणजे नकल मधोमध राहील. परत ओढलं, साडेतीन. परत काढली. चौथ्या वेळी काटा सहावर टेकला आणि नकल एकसारखं, अजिबात न अडखळता फिरलं. तुम्ही स्टुलावरून उठलात, स्वतः एकदा ओढून बघितलंत आणि मान हलवलीत. मला तेवढं पुरे होतं. आता ज्याची जीप ठरावीक वेगाला हँडल थरथरवते त्याला मी आधी हाच काटा लावायला सांगते.

बाकीचं भराभर झालं. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसल्याशिवाय यू-बोल्टला हात लावू दिला नाहीत. हबचा आतला नट चाक जड होईपर्यंत आवळून सहावा हिस्सा सैल केला. ९० नंबरचं ऑइल सव्वा लिटर गेलं. ब्रेकची हवा काढायला आई पेडलवर बसली होती आणि तुम्ही तिला "वैनी, दाबा... धरा... सोडा" म्हणत होता. शेवटी टायरांवर खडूनं रेघा मारून बांबूच्या दोन काठ्यांनी चाकांमधलं अंतर मोजलं, पुढं मागच्यापेक्षा दोन मिलिमीटर कमी येईपर्यंत टाय रॉड फिरवला.

तिन्ही रविवारी तुमच्या हाताला ग्रीस लागलं नाही, आणि मला आता कळतं की ते किती अवघड गेलं असेल. माझा पान्हा निसटायचा तेव्हा तुमची बोटं मांडीवर वळायची, मी बघत होते. तुम्ही केलं असतं तर दोन दिवसांत झालं असतं. मग पुढच्या बिघाडाला मी परत कुणाच्या तरी दारात उभी राहिले असते आणि त्यानं सांगितलेलं खरं मानलं असतं.

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी बागेत खताची पोती न्यायची होती. वाटेच्या पहिल्या वळणावर मागची चाकं जागीच फिरली. थांबले, फोर व्हील टाकलं, मग लो गिअर. लिव्हर दोन बोटांनी पडली. गाडी कातळाच्या टप्प्यांवरून वर गेली, वर पोचल्यावर लिव्हर तशीच दोन बोटांनी परत आली. इंजिन बंद करून मी खाली उतरले, एक्सलच्या त्या वेल्डिंगवर हात फिरवून बघितला. कोरडं होतं.

आणखी एक. मागच्या उजव्या चाकाच्या आतून ऑइल झिरपतंय. सील आणून ठेवलंय. येत्या रविवारी मी खोलणार आहे, घोड्या आधीच मागून आणल्यात. तुमचं स्टूल जांभळाखालीच आहे, साडेनऊची एसटी धरलीत तर नाश्त्याला पोचाल.

तुमची,
आजऱ्याची पोरगी