प्रोसेसर बदलल्यावर सुरू न होणारा डेस्कटॉप आणि बायोस देण्यास झालेली टाळाटाळ : तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : आपल्या कंपनीने लेखी खात्री दिलेला प्रोसेसर आपल्याच डेस्कटॉपमध्ये न चालणे व त्यासाठी लागणारे बायोस (संगणक सुरू करणारे, मदरबोर्डमधील मूळ सॉफ्टवेअर) न मिळणे याबाबत.

महोदय,

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर येथे कास्टिंगच्या पॅटर्नची (ओतकामाचा साचा ज्यावरून बनतो त्या नमुन्याची) त्रिमितीय रेखाटने करून देण्याचे छोटे कार्यालय मी स्वतः चालवते. शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतील फौंड्रींची कामे माझ्याकडे येतात. वितळलेला धातू साच्यात कसा भरेल, कोठे आधी थिजेल आणि कोठे आक्रसून पोकळी राहील, हे पॅटर्न करायला टाकण्याआधी सिम्युलेशन करून पाहावे लागते. या आकडेमोडीत प्रोसेसरचे सगळे कोअर (आकडेमोड करणारे स्वतंत्र भाग) एकाच वेळी कामाला लागतात. याच कामासाठी मी २०२३ मध्ये आपल्या कंपनीचा तयार डेस्कटॉप शाहूपुरीतील अधिकृत विक्रेत्याकडून घेतला. त्यात इंटेल कोअर आय३-१२१०० हा चार कोअरचा प्रोसेसर, आपल्या कंपनीने स्वतःच्या मापाने बनवून घेतलेला एच६१० चिपसेटचा (प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड म्हणजे मुख्य बोर्ड आणि १८० वॅटचा पॉवर सप्लाय आहे.

हा संगणक निवडण्याचे मुख्य कारण आपले माहितीपत्रक होते. या मालिकेत बाराव्या आणि तेराव्या पिढीचे ६५ वॅट वर्गातील प्रोसेसर बसतात, असे त्यात छापले आहे. सुरुवातीला कमी किमतीचा प्रोसेसर घ्यावा आणि काम वाढल्यावर तो बदलावा, असा माझा हिशेब होता. काम वाढल्यावर तेराव्या पिढीचा कोअर आय५-१३५०० घेण्याचे मी ठरवले. जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आलेला हा १४ कोअरचा व २० थ्रेडचा (एकाच वेळी २० कामे हाताळणारा) प्रोसेसर ६५ वॅट वर्गातच मोडतो आणि त्याला माझ्या मदरबोर्डवरचे एलजीए १७०० हेच सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) लागते. तरीही केवळ माहितीपत्रकावर विसंबून न राहता मी माझ्या संगणकाचा मॉडेल क्रमांक आणि सीरियल नंबर कळवून आपल्या ग्राहक सेवा विभागाला ईमेलने विचारणा केली. ‘सॉकेट एकच असल्याने हा प्रोसेसर आपल्या संगणकात चालेल’ असे उत्तर मला आपल्याकडून मिळाले. त्या उत्तरानंतरच मी प्रोसेसर विकत घेतला. ही बाब या तक्रारीच्या मुळाशी आहे, म्हणून तो ईमेल पत्रासोबत जोडला आहे.

नवा प्रोसेसर बसवून संगणक सुरू केला असता पंखा पूर्ण वेगाने फिरू लागला, पॉवरचा दिवा मिचकावत राहिला आणि मॉनिटरवर कंपनीचे चिन्हसुद्धा उमटले नाही. हे काम करणारे तंत्रज्ञ अनुभवी आहेत. प्रोसेसर बसवण्यापूर्वी त्यांनी सॉकेटमधील पिना भिंगाखाली तपासल्या होत्या आणि कूलरला नवी थर्मल पेस्ट लावली होती. संगणक सुरू होत नाही असे दिसल्यावर त्यांनी मेमरीची एकच पट्टी ठेवून पाहिली, मग ती दुसऱ्या खाचेत बसवून पाहिली, बायोसची बॅटरी काढून सर्व सेटिंग मूळ स्थितीत आणली आणि हार्डडिस्कसह बाकीची सगळी जोडणी सोडवून पुन्हा प्रयत्न केला, तरी फरक पडला नाही. जुना आय३ परत बसवताच तोच संगणक पहिल्याच फटक्यात सुरू झाला. त्यानंतर नवा प्रोसेसर राजारामपुरीतील एका दुकानात दुसऱ्या कंपनीच्या एच६१० मदरबोर्डवर लावून पाहिला. तेथे तो लगेच सुरू झाला आणि दीर्घ काळ पूर्ण भाराखाली ठेवूनही स्थिर राहिला.

या तपासणीतून एकच निष्कर्ष निघतो. प्रोसेसर निर्दोष आहे, मदरबोर्ड आणि मेमरीही निर्दोष आहेत. दोष आहे तो मदरबोर्डमधील बायोसचा. संगणक सुरू होताना बायोसला समोरचा प्रोसेसर ओळखावा लागतो आणि त्या प्रोसेसरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील कामाच्या मूळ सूचना) त्याच्यापाशी असावा लागतो. एच६१० चिपसेट बाराव्या पिढीबरोबर आला, त्यामुळे त्या काळातील बायोसला तेरावी पिढी ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. म्हणूनच एच६१० ज्यात मोडतो त्या ६०० मालिकेच्या चिपसेटवर तेराव्या पिढीचे प्रोसेसर बायोस अद्ययावत केल्यावर चालतात, असे इंटेलने सांगितले आहे. सुटे मदरबोर्ड विकणाऱ्या कंपन्या कोणता प्रोसेसर कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो याची यादीच प्रसिद्ध करतात. आपल्या संकेतस्थळावर अशी यादी मला कोठेही आढळली नाही.

माझ्या मॉडेलसाठी आपल्या संकेतस्थळावर असलेली सर्वांत नवी बायोस आवृत्ती आपल्या येथील अधिकृत सेवा केंद्रानेच जुना प्रोसेसर लावून संगणकात भरली. त्याआधी बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) थांबवण्याची आणि सर्व कामांची प्रत काढून ठेवण्याची खबरदारी मी घेतली होती. आवृत्ती बदलली, पण नव्या प्रोसेसरवर संगणक तसाच निर्जीव राहिला. त्या आवृत्तीच्या टिपणात ‘सुरक्षाविषयक सुधारणा’ एवढेच लिहिले आहे, प्रोसेसरचा उल्लेखही नाही.

यानंतर आपल्या मदत केंद्राने मला दिलेली उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत. प्रथम प्रोसेसरच सदोष असल्याचे सांगण्यात आले. तो दुसऱ्या मदरबोर्डवर चालतो हे कळवल्यावर पॉवर सप्लाय अपुरा असल्याचे कारण पुढे आले. आय५-१३५०० पूर्ण भाराखाली काही काळ १५४ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो आणि आय३-१२१०० ची तीच मर्यादा ८९ वॅट आहे, हे खरे आहे. परंतु ही मर्यादा काम चालू असतानाची आहे. पॉवर सप्लाय कमी पडत असता तर संगणक सुरू होऊन भार आल्यावर बंद पडला असता. येथे तर भार येण्याची वेळच येत नाही. शिवाय ६५ वॅटची मर्यादा बायोसमधूनच घालता येते, आणि आपल्या आटोपशीर डेस्कटॉपमध्ये तशी ती घातलेली असेल तरी माझी हरकत नाही, कारण त्या मर्यादेतही चौदा कोअर माझ्या चार कोअरपेक्षा पुष्कळ अधिक काम करतील. शेवटी, संगणकाचे झाकण उघडल्याने वॉरंटी संपुष्टात आली, असे मला सांगण्यात आले. याचे मला सर्वाधिक वाईट वाटले. आपल्याच सेवा पुस्तिकेत कूलरचे स्क्रू कोणत्या क्रमाने सोडवावेत आणि प्रोसेसर कसा उचलावा हे चित्रांसह दिले आहे. जी कृती कंपनी स्वतः शिकवते, तीच केली म्हणून ग्राहकाची वॉरंटी काढून घेणे न्याय्य नाही.

याहून गंभीर बाब मला नंतर समजली. आपल्या कंपनीचा याच मालिकेतील नंतरचा डेस्कटॉप कोल्हापुरातच विक्रीस असून त्यात कारखान्यातूनच आय५-१३५०० बसवून मिळतो. विक्रेत्याच्या परवानगीने आम्ही तो उघडून पाहिला. त्याच्या मदरबोर्डवर छापलेला पार्ट नंबर माझ्या मदरबोर्डवरच्या पार्ट नंबरशी अक्षरशः जुळतो. पॉवर सप्लायही तोच १८० वॅटचा आहे. म्हणजे हा मदरबोर्ड या प्रोसेसरसह चालवणारे बायोस आपल्याकडे तयार आहे आणि आपण ते रोज विकत आहात. ते बायोस माझ्या संगणकात भरण्यास सेवा केंद्राला सांगितले असता, मॉडेल क्रमांक जुळत नसल्याने ते भरले जात नाही, असे उत्तर मिळाले. दोन्ही मदरबोर्डची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. मदरबोर्ड तोच असताना केवळ मॉडेलच्या नावामुळे जुन्या ग्राहकाला बायोस नाकारण्यामागे कोणते तांत्रिक कारण आहे, ते मला लेखी कळवावे.

मदरबोर्डच बदलून घ्या, असा सल्ला आपल्या प्रतिनिधीने दिला. तो व्यवहार्य नाही. आपल्या पॉवर सप्लायची जोडणी बाजारातील मदरबोर्डला बसत नाही, पेटीतील स्क्रूंच्या जागा वेगळ्या आहेत, आणि संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना मूळ मदरबोर्डशी बांधलेला आहे. मदरबोर्ड बदलायचा तर पॉवर सप्लाय, पेटी आणि विंडोजही नव्याने घ्यावे लागेल आणि आपल्या संगणकातले फारच थोडे शिल्लक राहील. नेमके याच कारणाने तयार संगणकाच्या ग्राहकाला बायोससाठी कंपनीशिवाय दुसरा आधार नसतो. २०२४ मध्ये इंटेलने तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसरांच्या अस्थिरतेवर मायक्रोकोडची दुरुस्ती दिली. तीसुद्धा मदरबोर्ड आणि संगणक बनवणाऱ्या कंपन्यांच्या बायोसमधूनच पोचायची होती. बायोस देणे ही कंपनीची मर्जी मानली, तर अशा दुरुस्त्या ग्राहकापर्यंत येणार कशा?

माझी मागणी अशी आहे. नंतरच्या मॉडेलमधील बायोसची माझ्या मॉडेलसाठी योग्य आवृत्ती आपण तयार करून द्यावी आणि ती आपल्या तंत्रज्ञाने कार्यालयात येऊन भरून, नव्या प्रोसेसरसह संगणक सुरू करून दाखवावा. ते शक्य नसेल तर त्याच पार्ट नंबरचा, नवे बायोस असलेला मदरबोर्ड वॉरंटीअंतर्गत बदलून द्यावा आणि विंडोजचा परवाना त्यावर कायम ठेवावा. हेही होणार नसेल तर आपल्या लेखी खात्रीवरून घेतलेल्या प्रोसेसरची पावतीप्रमाणे पूर्ण किंमत परत करावी. प्रोसेसर आपण ताब्यात घेऊ शकता. यांपैकी काहीही झाले तरी या मालिकेतील प्रत्येक मॉडेलसाठी चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी बायोस आवृत्तीसह संकेतस्थळावर द्यावी आणि तोपर्यंत ‘तेराव्या पिढीचे प्रोसेसर बसतात’ हे वाक्य माहितीपत्रकातून काढावे, असा माझा आग्रह आहे. उद्यमनगरात माझ्यासारखी अनेक छोटी कार्यालये आहेत, आणि त्यांतील कित्येकांनी पुढे प्रोसेसर वाढवता येईल याच विश्वासावर तयार डेस्कटॉप घेतले आहेत.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये कोल्हापूर येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा या कायद्याने दिली आहे. संगणक व्यवसायासाठी वापरला जातो असा आक्षेप आपल्याकडून येऊ शकतो, म्हणून नमूद करते की मी हे काम स्वयंरोजगार म्हणून, केवळ उपजीविकेसाठी आणि स्वतः करते, आणि अशा वापराला हा कायदा व्यापारी हेतू मानत नाही.

सध्या संगणकात जुना प्रोसेसर लावून कामे चालू आहेत आणि नवा प्रोसेसर मूळ खोक्यात जपून ठेवला आहे. आपला तंत्रज्ञ कामकाजाच्या कोणत्याही दिवशी पूर्वसूचना देऊन आला तर दोन्ही प्रोसेसर, संगणक आणि तपासणी करणारे तंत्रज्ञ येथे उपलब्ध राहतील. खरेदीच्या दोन्ही पावत्या, माहितीपत्रकाचे संबंधित पान, आपला ईमेल, मदरबोर्डची छायाचित्रे आणि सेवा केंद्राच्या जॉबशीटची प्रत या पत्रासोबत पाठवत आहे.

आपली विश्वासू,
(सही)
तक्रारदार ग्राहक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर