मगरिबच्या नमाजीच्या वेळी कापसाच्या वजनकाट्यावर बसणाऱ्या दिवाणजींना

दिवाणजी,

राम राम आणि सलाम.

तोंडावर आभार मानले असते तर "चाल, कामाले लाग" म्हणून तुम्ही उडवून लावलं असतं. म्हणून चारचौघांसमोर लिहितो.

पाच वक्ताचा नमाजी म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस कामावर थोडा अन् मशिदीत जास्त असणार. तुम्ही तसं धरून चालला नाहीत. सरळ विचारलंत, "काहून बापू, कोन्त्या नमाजीले किती टाइम लागते, अन् कोन्ती मांगंपुढं करता येते?" एवढा कामाचा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आधीच्या नोकरीत जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजीला, गेलो की अर्धा रोज कापला जायचा, विचारपूस काही नाही.

पहाटेची फजर अन् रात्रीची ईशा घरीच होतात. जोहरला दुपार कलल्यापासून असरपर्यंत, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजीपर्यंत, मुभा असते, ती जेवणाच्या सुट्टीत बसते. असर चहाच्या वेळी. अडचण होती मगरिबची. ती दिवस बुडाल्यावर सुरू होते आणि तिची मुदत सगळ्यात तोकडी. डिसेंबरात आपल्या वणीकडं पावणेसहाच्या आतच सूर्य मावळतो, अन् नेमकी तेव्हाच काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असते. भरली गाडी तोलायची, कापूस खाली करायचा, रिकामी गाडी परत तोलायची, पावती घ्यायची, मग शेतकरी गावाकडं निघणार. त्याला ताटकळत ठेवून उठणं मला स्वतःलाच पटत नव्हतं. रोज मगरिब कजा करून, म्हणजे तिची वेळ चुकवून, रात्री घरी पढणंही पटत नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "तेवढा टाइम मी बसतो." बस. मालकाला अर्ज नाही, चर्चा नाही. तीन रकात (नमाजीचे फेरे) फर्ज म्हणजे बंधनकारक, दोन सुन्नत म्हणजे पैगंबरांच्या रिवाजाच्या, अन् वजू म्हणजे आधी हात-तोंड-पाय धुणं धरून दहा-बारा मिनिटं. तेवढ्यात तुम्ही चष्मा कपाळावर चढवून पावत्या फाडता, अन् शेतकरी खूश, कारण तुमचं अक्षर वाचता येतं. सरकीच्या गोदामामागची जागा तुम्हीच झाडायला लावली, पाण्याचा ड्रमही ठेवला. कपड्यांना एवढी रुई चिकटलेली, मग नमाज चालते का, असं एका हमालानं विचारलं तर माझ्याआधी तुम्हीच बोललात, "रुई का घाण असते काय बे?" मौलानांनीही हेच सांगितलं असतं.

शुक्रवारचं तर तुम्ही फार हुशारीनं केलं. सुट्टी मला एकट्याला वाढवून न देता सगळ्यांचीच जेवणाची वेळ अर्धा तास पुढं नेली. कोणाच्या डोळ्यात सलायला काही उरलंच नाही. कुरआनात सूरह जुमुआमध्ये सांगितलंय की जुम्म्याची पुकार झाली की खरेदी-विक्री सोडा. पण लगेच पुढच्या आयतीत हेही आहे की नमाज झाली की जमिनीवर पांगा अन् अल्लाहचा फजल शोधा, म्हणजे आपापल्या रोजीला लागा. आमच्यातले काही जण पहिली आयत पाळतात अन् दुसरीच्या वेळी पानठेल्यावर तासभर उभे राहतात. मग खऱ्या नमाज्यालाही सुट्टी मिळत नाही. हे मी मशिदीबाहेर बोलून शिव्याही खाल्ल्यात, पण मत तेच आहे. ज्या तासांची मजुरी घेतो ते तास अमानत आहेत.

माघ वद्य सप्तमीला तुम्ही महाराजांच्या प्रकट दिनासाठी शेगावला जाता, तेव्हा रोकडवही माझ्याकडं देऊन जाता. ही परतफेड वगैरे नाही. मला ते काम आवडतं, एवढंच.

आता एक पुढचं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. 2025 साली तो मार्चात होता, सीझन सरत आला होता, निभावलं. पण 2030 मध्ये तो दोनदा येणार, जानेवारीत अन् पुन्हा डिसेंबरअखेर. दोन्ही वेळा ऐन कापसात, अन् रोजा सोडायचा तोही मगरिबलाच. तोवर तुम्ही खुर्ची सोडणार असाल तर नव्या दिवाणजीला हे सगळं तुम्हीच समजावून जा. मी सांगितलं तर त्याला वाटेल सवलत मागतोय. तुम्ही सांगितलं तर तो ड्युटी लावताना ध्यानात ठेवील.

तुमचा,
वजनकाट्यावरचा